आकडा, गंगावन आणि लव्ह इन टोकियो

भाचीनं मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर तपकिरी ठिपक्यांचा एक चाप, खाली ‘विंटेज’ असं लिहिलेलं आणि किंमत साडेतीनशे रुपये. “मावशी, मागवू का?” मी काही न बोलता ट्रंक उघडली आणि आईचा पत्र्याचा डबा तिच्या हातात दिला.

डब्यात अगदी तसाच चाप होता, फक्त एक दात तुटलेला. लाल रिबीन होती, घडीवर रंग विटलेली. घासून टोकं पांढरी पडलेले काळे आकडे होते. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं गंगावन.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, मान खाली. बट तोंडावर आली तर तंबाखूचा हात डोळ्याला लागायचा, म्हणून पहाटेच अंबाडा घट्ट बांधून चारी बाजूंनी आकडे खोचलेले असायचे. हजार विड्या होईस्तोवर तो सुटता कामा नये. 2006 साली सोलापूरजवळच्या कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत झाली, विडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरांची. त्यातल्या एका घरात आम्ही आलो. शेजारी तेलुगू बोलणाऱ्या अक्का. दुपारी दोघी ओट्यावर एकमेकींची वेणी घालायच्या. आई म्हणायची गंगावन, अक्का म्हणायच्या सवरम. वेणीच्या टोकाच्या गोंड्यांना त्यांचा शब्द होता जडकुप्पेलु. तो मला फार आवडायचा.

ते गंगावन आईच्याच केसांचं. विंचरताना निघालेली गुंतवळ ती बोटाभोवती गुंडाळून भिंतीच्या कोनाड्यात ठेवायची. ‘केसावर भांडी’ ओरडत माणूस दारावरून जायचा, पण आईनं त्याला केस कधी दिले नाहीत. वर्षानुवर्षं साठवलेल्या त्या केसांचं तिनं गंगावन करून घेतलं. पुढे डोकं पांढरं झालं. सणावारी त्या पांढऱ्या केसांत ती आपलेच तरुणपणीचे काळे केस गुंफायची.

आता जुनं सगळं परत येतंय याचा मला मनापासून आनंद आहे. नऊवारीबरोबर खोपा आला, लग्नात मुली राखडी, मूद, केवडा हौसेनं घालतात. खटकतं ते एवढंच, की दुकानात या सगळ्याला मिळून ‘हेअर ॲक्सेसरीज’ हे एकच नाव उरलंय. वस्तू आली, पण तिचं नाव आलं नाही. खरं तर नाव किती चिवट असतं! दोन मण्यांच्या रबराला आम्ही ‘लव्ह इन टोकियो’ म्हणायचो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत त्याच नावानं मागायचो. आशा पारेखचा तो सिनेमा 1966 चा, आमच्यापैकी एकीनंही पाहिलेला नव्हता. ‘साधना कट’ही तसाच, 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’पासूनचा. सिनेमे पडद्यावरून गेले, नावं केसांत राहिली. मग आकडा, राखडी, गंगावन यांनीच का जावं?

भाचीनं चाप मागवला नाही. आईचाच लावला, तुटक्या दाताची बाजू आत घेऊन. मग एकेक वस्तू उचलून नाव विचारत गेली आणि मोबाइलमध्ये लिहीत गेली. गोंड्यांपाशी मी तिला अक्कांकडे पाठवलं.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. आजी, आत्या, शेजारची अक्का आहेत तोवर तो त्यांच्यासमोर उघडा, आणि नावं लिहून घ्या.