खालचा स्वर

भाईंदरच्या घरी लेक कीबोर्डवर एकच कॉर्ड तीन तऱ्हेने वाजवायची आणि विचारायची, "आई, आता कुठली?" सा-ग-प म्हणजे रूट पोझिशन, ग-प-सा फर्स्ट इन्व्हर्जन, प-सा-ग सेकंड. मध्यमापर्यंत गायनाच्या परीक्षा दिलेल्या मला तिन्ही सारख्याच वाटत. तानपुऱ्यावर तयार झालेला कान कुठूनही सा हुडकतो आणि तिथेच जाऊन बसतो. तानपुऱ्यात तळाशी खर्ज, वर पंचम. नीट जुळला की खर्जाच्याच तारेतून गंधारही उमटतो. म्हणजे इतकी वर्षं मी रूट पोझिशनच ऐकत आले होते.

वाट दाखवली ती मूर्च्छनेने. तळाचा स्वर क्षणभर सा धरायचा. मग रूट पोझिशन सा-ग-पच राहते; फर्स्ट इन्व्हर्जनमध्ये सा, कोमल गंधार, कोमल धैवत ऐकू येतात; सेकंडमध्ये सा, शुद्ध मध्यम, शुद्ध धैवत. ही अंतरं तर माझ्या गळ्यात होती! महिनाभरात दहापैकी आठ उत्तरं बरोबर येऊ लागली.

नाताळाच्या आधी उत्तनला चर्चमधल्या क्वायरची तालीम ऐकायला गेले आणि एकही कॉर्ड ओळखता येईना. तिथे स्वर कीबोर्डसारखे एकमेकांना चिकटून नव्हते. गंधार बायकांकडे पार वर, पंचम मधेच कुठेतरी, एखादा स्वर दोघांकडे. अंतरं मोजण्यात अर्थच नव्हता. बेस गाणारे एक काका म्हणाले, "वरचं सोडा, ताई. मी काय गातो तेवढं धरा."

पुढचं अख्खं भजन मी त्यांच्याच आवाजाला धरून ऐकलं. वर तीच कॉर्ड, पण त्यांनी सा सोडून गंधार घेतला की सगळं गाणं मध्यमाकडे झुकायचं. ते पंचमावर उभे राहिले आणि वर सा-ग टिकून असले, की सगळं अधांतरी. पंचमाच्या कॉर्डवर उतरेपर्यंत चैन पडत नसे. मूर्च्छनेत सा स्वतःच घर बदलतो. इथे घर तेच राहतं, फक्त पाया बदलतो. हा फरक पुस्तकात वाचून मला कधीच कळला नसता.

आता लेक कॉर्ड वाजवते, मी आधी तळाचा स्वर गाते, मग उत्तर देते. तुम्हीही तानपुऱ्यावर शिकला असाल तर असंच करून पाहा, आणि तो स्वर मनात नको, मोठ्याने गा.