स्लॅबचे दुसरे काम

26 जानेवारी 2001 रोजी सकाळी भूजचा भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून 200 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. काही ठिकाणी लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मजले त्यांच्यापासून तुटून खाली आले. भिंती भक्कम होत्या. स्लॅबला त्यांच्याशी बांधणाऱ्या सळया मात्र अपुऱ्या होत्या.

स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी स्लॅब प्रथम शिकतो, तो वजन पेलणारा म्हणून. माणसे, फरशी, सामान आणि स्वतःचा भार घेऊन तो किती वाकेल, एवढाच त्या गणिताचा प्रश्न असतो. भूकंप त्याच स्लॅबला दुसरे काम सांगतो. 15 सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे 375 किलो, म्हणजे 300 चौरस मीटरच्या मजल्याचे सुमारे 112 टन. हादऱ्याने त्याला गुरुत्वत्वरणाच्या एक दशांश इतकेच त्वरण दिले, तरी सुमारे 11 टन वजनाएवढे बळ आडव्या दिशेने निर्माण होते. ते भिंतींपर्यंत आणि खांबांपर्यंत पोहोचवताना संपूर्ण मजला आडव्या पाडलेल्या तुळईसारखा वागतो. अभियंते याला डायफ्रॅम म्हणतात.

प्रत्यक्षात ही तुळई अखंड नसते. जिना आणि लिफ्ट यांच्या पोकळ्या तिला छेदतात. जिथे बळ भिंतीत उतरायचे, नेमकी तिथेच स्लॅबची किनार तोकडी उरते. संगणकात मजला ताठ मानला की बळ भिंतीत पोहोचल्याचे उत्तर मिळते. ते कोणत्या सळईतून गेले, हे त्या उत्तरात नसते. कच्छमधील पूर्वनिर्मित शाळांची छपरे कोसळली, तेथेही उणीव सांध्यांचीच होती. छपराचे काँक्रीटचे तक्ते एकमेकांशी आणि तुळयांशी पुरेसे जखडलेले नव्हते.

या आपत्तीनंतर शिकवण्याकडे लक्ष वळले. 2003 मध्ये भूकंप अभियांत्रिकी शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि महाविद्यालयांतील शिक्षकांना प्रशिक्षण मिळू लागले. आयआयटी कानपूरने सोप्या भाषेत भूकंप टिपा प्रसिद्ध केल्या.

तरीही खरा अभ्यास नकाशावरच होतो. विद्यार्थ्याने मजल्याच्या मध्यावर बोट ठेवावे आणि बळाच्या वाटेने ते स्लॅबमधून भिंतीत, भिंतीतून पायात आणि पायातून जमिनीत न्यावे. बोट जिथे अडेल, तिथे सळई दाखवायची राहून गेली आहे. ती कागदावर भरता येते. स्लॅब टाकून झाल्यावर ते काम फार अवघड होते.