तीन रंगांचे यंत्र आणि एक हजेरीपट



या पानावर आम्ही एरवी निकाल, स्नेहसंमेलन आणि शिस्त यांविषयी लिहितो. या वेळी एका यंत्राविषयी लिहीत आहोत, आणि त्या यंत्रामुळे आठवलेल्या आमच्या एका चुकीविषयी. आमचे शिक्षण पहिलीपासून बी.एस्सी.पर्यंत हिंदी माध्यमात झाले. मराठी आम्ही आईकडून आणि गणेशोत्सवातल्या नाटकांतून शिकलो. तेव्हा लिहिण्यात कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे. मराठीच्या बाई तपासतीलच.

आमची मुलगी नोकरीनिमित्त टोकियोत असते. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. देवळे पाहून झाली, बुलेट ट्रेन झाली. एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्ही विज्ञानाचे मास्तर. आज तुम्हाला एका यंत्राचे पोट उघडून दाखवते." तिच्या कार्यालयातले एक वयस्कर सहकारी सुट्टीच्या दिवशी जुनी खेळयंत्रे दुरुस्त करतात. त्यांच्या गॅरेजमध्ये आमच्या कपाटाहून उंच असे एक यंत्र उभे होते. त्याला तिकडे 'पुरिकुरा' म्हणतात. समोर उभे राहायचे, पैसे टाकायचे, कडेची नक्षी निवडायची, की मिनिटा-दोन मिनिटांत आपल्या छोट्या छोट्या रंगीत फोटोंचे स्टिकर बाहेर येतात.

या यंत्राचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. 'अॅटलस' नावाच्या जपानी कंपनीत मिहो सासाकी या तरुणी काम करत. मुलींना स्टिकरांचे केवढे वेड आहे हे पाहून १९९४ मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली. वरिष्ठांनी आधी ती नाकारली. पुढे 'सेगा' कंपनीच्या साथीने जुलै १९९५ मध्ये 'प्रिंट क्लब' हे यंत्र बाजारात आले. ३०० येनमध्ये १६ स्टिकर मिळत. शाळकरी मुलींच्या त्यावर रांगा लागू लागल्या. वह्यांत स्टिकर चिकटवायचे, मैत्रिणींशी अदलाबदल करायची. ज्यांनी कल्पना नाकारली त्यांना मुलींच्या दप्तरात काय असते हे ठाऊकच नव्हते. आता कळते की आम्हीही त्यांच्यातलेच होतो. ते पुढे येईलच.

गृहस्थांनी मागचे दार उघडले. मुलगी दुभाष्याचे काम करत होती. पहिला दिसला तो नाणी तपासणारा भाग. जपानचे शंभर येनचे नाणे २२.६ मिलिमीटर व्यासाचे आणि ४.८ ग्रॅम वजनाचे असते. आम्ही खिशातले पाच रुपयांचे नाणे टाकून पाहिले. ते २३ मिलिमीटरचे आणि ६ ग्रॅमचे. यंत्राने ते खणकन परत केले. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण यंत्र फसले नाही. वार्षिक परीक्षेच्या पर्यवेक्षकाने शिकावे असा हा गुण आहे.

त्याच्या वर यंत्राचा मेंदू. हे यंत्र 'प्रिंट क्लब २', म्हणजे १९९७ च्या सुमाराचे. त्यात सेगाचे जे बोर्ड आहे त्याचे नाव 'टायटन'. घरी टीव्हीला जोडून खेळायचा त्यांचा 'सॅटर्न' हा संच १९९४ मध्ये आला होता, त्याचेच हे भावंड. सॅटर्न म्हणजे शनी, आणि टायटन हा शनीचा सर्वांत मोठा उपग्रह. हिताची कंपनीचे दोन प्रोसेसर त्यावर शेजारी शेजारी बसलेले. हे ऐकून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "यात शनीच बसलाय म्हटल्यावर बिघडणार नाही तर काय? तेल वाहायला सांगा." मुलीने ते भाषांतर करून सांगितले. गृहस्थ गंभीरपणे म्हणाले की तेल नको, कपॅसिटर बदलायचे आहेत. त्यातले रसायन पंचवीस-तीस वर्षांत सुकते किंवा गळते आणि बोर्डावरचे तांबे खाते.

कॅमेरा हा साधा व्हिडिओ कॅमेरा. तो सतत चित्र पाठवत असतो. बोर्ड त्यावर फुलांची, बाहुल्यांची चौकट चढवते आणि ते सगळे पडद्यावर दिसते. बटण दाबले की चालत्या चित्रातला एक क्षण गोठवून साठवला जातो. पडदा जुन्या टीव्हीसारखा काचेच्या नळीचा. त्याच्या मागे आम्ही हात नेताच गृहस्थांनी आमचे मनगट धरले. वीज बंद केल्यावरही त्या नळीत हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. आठवीपासून पुढच्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे आणि घरातला जुना टीव्ही कधीही उघडू नये.

पण खरी करामत आहे ती खालच्या प्रिंटरची. त्यात शाई नाही. एक पातळ फीत आहे, तिच्यावर पिवळा, किरमिजी आणि निळसर असे तीन रंगांचे तुकडे एकापुढे एक येतात. कागदाच्या रुंदीएवढी एक पट्टी आहे, तिच्यात अगदी बारीक तापणारे बिंदू ओळीने बसवले आहेत. जिथे बिंदू जास्त तापतो तिथे फितीतला जास्त रंग कागदाच्या लेपात उतरतो. कमी तापला तर कमी. कागद एकदा पुढे जाऊन पिवळा होतो, मागे येतो, मग किरमिजी, पुन्हा मागे, मग निळसर. तीन फेऱ्यांत चित्र पुरे. रबरी रूळ केसभर घसरला तरी तिन्ही रंग एकमेकांवर नीट बसत नाहीत. त्यांनी दाखवलेल्या एका फसलेल्या प्रतीत माणसाचे ओठ हनुवटीकडे निघाले होते. त्यांनी रूळ अल्कोहोलने पुसला आणि आम्हाला समोर उभे केले.

यंत्रातून एका मुलीचा चिवचिवता आवाज आला, "सान, नि, इचि", म्हणजे तीन, दोन, एक. एवढे मोठे कपाट आणि त्यातून असा आवाज. आम्ही दोघेही मोठ्याने हसलो आणि नेमके तेव्हाच चित्र गोठले. लग्नातल्या फोटोतही आम्ही हसलेलो नाही. इथे दात दिसत आहेत.

मग गृहस्थांनी वापरलेली फीत बाहेर काढून दिव्यासमोर धरली. एक तुकडा एकदाच वापरला जातो. आणि जेवढा रंग कागदावर गेला तेवढा फितीवरून कमी झालेला असतो. म्हणून तिच्यावर चित्राची उलटी प्रत राहते. त्या किरमिजी तुकड्यावर आम्ही दोघे होतो. केस पांढरे, चेहरे गडद. आमच्या आधीच्या तुकड्यांवर कोणी अनोळखी मुले होती. ते म्हणाले की जुने यंत्र विकत घेतले की ते आतली फीत आधी काढून बारीक कापून टाकतात, कारण त्यावरचे चेहरे त्यांच्या मालकीचे नाहीत. ही फीत आता नवीन मिळत नाही, जुना साठा शोधावा लागतो. तरीही वापरलेला भाग ते कोणाला देत नाहीत.

आम्ही त्या फितीकडे पाहत राहिलो. दिलेल्या गोष्टीची खूण मागे कुठेतरी राहते, एवढेच मनात आले आणि एकदम आमच्या शाळेचा २००१ चा हजेरीपट आठवला.

तेव्हा आम्ही सातवीचे वर्गशिक्षक होतो. वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील पीथमपूरच्या एका कारखान्यात होते. कारखान्याने त्यांना प्रशिक्षणासाठी तीन महिने जपानला पाठवले होते. तिथून त्यांनी पत्रातून अशा स्टिकरांचे एक पान पाठवले. चेरीच्या फुलांची चौकट आणि आत वडील व त्यांचे दोन साथीदार. मुलीने ते स्टिकर कंपासपेटीवर लावले, पाण्याच्या बाटलीवर लावले. आणि एक दिवस हजेरीपट कार्यालयात नेऊन ठेवायला तिच्या हाती दिला, तेव्हा एक स्टिकर आपल्या नावापुढे चिकटवून टाकला.

आम्ही फार रागावलो. सरकारी दस्तऐवज म्हणजे काय, यावर वर्गासमोर दहा मिनिटे बोललो. उरलेले पान जप्त करून टेबलाच्या खणात टाकले. हजेरीपटावरचा स्टिकर निघेना, ओढला तर पान फाटले असते. दोन दिवसांनी तपासणीसाठी निरीक्षक येणार होते. म्हणून आम्ही त्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा डिंकाने चिकटवला आणि विषय संपवला.

२००३ मध्ये शाळेला रंग दिला तेव्हा खणातले सगळे सामान अटाल्यात गेले. २००६ मध्ये तिचे वडील वारले. पुढच्या वर्षी ती आम्हाला भेटायला आली. तोवर ती कॉलेजात होती. म्हणाली, "सर, ते पान तुमच्याकडे असेल का? बाबा फोटोत कधी हसत नसत. त्या एकाच फोटोत हसले आहेत. माझ्याजवळचे सगळे घासून गेले."

ते पान नाही हे आम्हाला माहीत होते. तरी आम्ही म्हणालो, "शोधून कळवतो." खरे सांगण्याचा धीर झाला नाही. शोधायला काही नव्हते, म्हणून कळवलेही नाही. पुढे ती कधी कार्यक्रमात दिसली तर आम्ही दुसऱ्या दाराने गेलो आहोत. विद्यार्थ्यांना खरे बोलण्याचे धडे देणाऱ्या माणसाने हे लिहावे लागते, याची लाज वाटते. पण लिहिले नाही तर ती आणखी वाढेल.

टोकियोहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही शिपायाला घेऊन जुन्या दप्तरांची खोली उघडली. सातवी 'ब' चा हजेरीपट तिसऱ्या गठ्ठ्यात सापडला. पांढरा तुकडा पिवळा पडून तसाच चिकटलेला होता. कोणीतरी सुचवले की इस्त्रीची ऊब दिली तर तुकडा आणि स्टिकर दोन्ही अलगद सुटतील. महिन्यापूर्वी आम्हीही हो म्हटले असते. पण जे चित्र उष्णतेनेच कागदात उतरले आहे त्याला पुन्हा उष्णता कशी द्यायची? रंग हलले असते. कलाशिक्षकांनी ओलसर कापसाने, अर्धा तास खपून, फक्त डिंक भिजवला. तुकडा निघाला. चेरीच्या फुलांचा एक कोपरा त्याच्याबरोबर गेला. बाकी चित्र, तेवीस वर्षे उजेड न लागल्यामुळे, चांगले राहिले होते. तिघे गृहस्थ, बोटाच्या पेराएवढे, आणि मधले खदखदून हसत असलेले. ते का हसले असतील हे आम्हाला कळले. कपाटाने त्यांनाही चिवचिवत "सान, नि, इचि" म्हटले असेल.

आम्ही तिला फोन केला. आधी २००७ ची खरी हकीकत सांगितली, मग हजेरीपटाची. ती काही वेळ बोलली नाही. शनिवारी आपल्या मुलाला घेऊन आली. त्या पानाकडे तिने बराच वेळ पाहिले. आम्ही म्हणालो की रजिस्टरमधले पान कापायला नियम आडवा येतो, पण व्यवस्थापनाची परवानगी आम्ही घेऊ. ती म्हणाली, "नको सर. ओढताना फाटेल. माझ्या नावापुढेच आहे, राहू द्या तिथेच. मला त्याची प्रत द्या." कार्यालयातल्या स्कॅनरवर आम्ही ती मोठी करून दिली. जाताना तिचा मुलगा विचारत होता, "आई, तुला तेव्हा सरांनी मारले का?" ती म्हणाली, "नाही रे, फक्त बोलले." आम्हाला ते 'फक्त' बराच वेळ ऐकू येत राहिले.

या प्रसंगानंतर शाळेत एक नियम केला आहे. वर्गात घेतलेली कोणतीही वस्तू नाव आणि तारीख लिहून पाकिटात ठेवायची आणि सत्र संपताना पालकांच्या हाती परत करायची. भोवरे, चित्रांचे पत्ते, पत्रे, फोटो, सगळे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या वस्तू आम्ही घेतल्या आणि परत केल्या नाहीत, त्यांची या पानावरून क्षमा मागतो. काही आठवत असेल तर कार्यालयात येऊन विचारावे. वस्तू असेल तर देऊ. नसेल तर, नाही असे त्याच दिवशी सांगू.