अलेक्सिसचे ऋण

घास तोंडात जाईपर्यंत आपल्याला दिसतो. गिळला की तो दृष्टीआड होतो. पुढे त्याचे काय होते, याविषयी विद्वानांत दीर्घकाळ वाद चालला होता. कोणी म्हणत, अन्न पोटातील उष्णतेने शिजते. कोणी म्हणत, ते जात्यात भरडावे तसे भरडले जाते. कोणी म्हणत, ते आंबते. या वादाचा उलगडा होण्यास एका गरीब नावाड्याचे दुर्दैव कारणीभूत झाले.

अमेरिकेतील ह्यूरन सरोवरात मॅकिनॅक नावाचे बेट आहे. ६ जून १८२२ रोजी तेथील एका दुकानात बंदूक अकस्मात उडाली आणि अलेक्सिस सेंट मार्टिन हा कॅनडातील तरुण नावाडी रक्तबंबाळ होऊन कोसळला. त्याच्या बरगड्या मोडल्या होत्या व जठराला भोक पडले होते. तो जगेल अशी आशा नव्हती. तरीही लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्याची शुश्रूषा केली आणि अलेक्सिस वाचला. जखम मात्र पुरती मिटली नाही. तेथे जठरात उघडणारे एक छिद्र कायमचे राहिले.

या छिद्रातून जिवंत माणसाचे जठर पाहता येई. १८२५ साली डॉक्टरांनी रेशमी दोऱ्याला मांस, पाव व कोबी यांचे तुकडे बांधून ते आत सोडले. तासाभराने पाहतात तो पाव व कोबी निम्मे विरघळलेले! पुढे त्यांनी जठरातील रस कुपीत घेतला, त्यात मांसाचा तुकडा टाकला आणि कुपी अंगाइतकी उबदार ठेवली. काही तासांनी तेथेही मांस विरघळले. अन्न पचविणारा आम्लयुक्त रस जठरातच पाझरतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले. अलेक्सिस संतापला म्हणजे त्याचे पचन बिघडते, हेही त्यांना दिसले. १८३३ साली त्यांनी हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

जठर हा अन्नाच्या प्रवासातील एक मुक्काम होय. आरंभ तोंडातील लाळेने होतो. जठरात घुसळलेले अन्न लहान आतड्यात उतरते. तेथे पित्त व स्वादुपिंडाचा रस त्यात मिसळतो आणि पोषक अंश रक्तात शोषला जातो. मोठे आतडे उरलेले पाणी शोषून घेते.

हे ज्ञान जगाला मिळाले. पण अलेक्सिसला काय मिळाले? प्रयोगांसाठी त्याने उपवास सोसले, तासन्तास निश्चल पडून राहिला, घरापासून दूर दिवस काढले. १८३२ च्या करारान्वये त्याचे वेतन वर्षाला १५० डॉलर होते. अखेर तो कॅनडात परतला. डॉक्टरांनी वारंवार बोलावूनही तो पुन्हा गेला नाही. १८८० साली तो मरण पावला, तेव्हा डॉक्टरांनी प्रेत उकरून नेऊ नये म्हणून घरच्यांनी त्याला खोल पुरले.

१९६२ साली कॅनडातील शरीरशास्त्रज्ञांनी त्याच्या गावी स्मृतिफलक बसविला. ब्यूमाँट यांची जिज्ञासा थोर होती. पण अलेक्सिसच्या सहनशीलतेवाचून ती तृप्त झाली नसती. शास्त्राच्या ग्रंथावर एकाचे नाव असते. त्याची किंमत मात्र पुष्कळदा दुसऱ्यानेच मोजलेली असते.