खर्जाला लागणारे लोखंड

औंधात राहून बेस गिटारच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरवर लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. यमाईचा डोंगर, श्री भवानी संग्रहालय आणि आश्विनातला संगीत महोत्सव ही या गावाची ओळख. पण हा महोत्सव १९४० साली ज्यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ सुरू केला, त्या पं. अंतुबुवा जोशींचे चिरंजीव गजाननबुवा जितके गवई होते तितकेच व्हायोलिनवादकही होते. परदेशातून आलेल्या वाद्यातून ग्वाल्हेरची गायकी वाजू शकते हे या गावाने फार पूर्वी ऐकले आहे. तेव्हा बेस गिटारलाही येथे परके मानण्याचे कारण नाही.

विषय आमच्याकडे आला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. हा मुलगा आमच्या हाताखाली बी. ए. झाला आणि आता यात्रा-लग्नांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवून घर चालवतो. गेल्या वर्षी त्याचा ॲम्प्लिफायर जळाला. त्याच्या वर्गमित्रांनी वर्गणी काढली, ऐंशी हजार रुपये जमले, आणि निवडीचे काम आमच्याकडे आले; कारण आमच्यापैकी एकाने विद्यार्थिदशेत गिटार वाजवली होती आणि दुसरीला हिशेब ठेवता येत होता. मुलाची मागणी एकच होती. “सर, मॅडम, वॅट किती बी असू द्या. खालची तार नुसती हादरू नये, बोलली पायजे. जुन्या धर्तीचा, व्हॉल्व्हचाच बघा.”

या ‘जुन्या धर्तीचा’साठी बाजारात ‘व्हिंटेज’ हा शब्द चालतो. त्याचे मूळ द्राक्षाच्या हंगामात आहे; एका विशिष्ट वर्षीच्या पिकापासून केलेल्या मद्याचे ते विशेषण. तासगावच्या बागा शेजारी असलेल्या आमच्या मुलुखाला ही गोष्ट सहज कळावी. व्हिंटेज-धर्तीचा ॲम्प्लिफायर म्हणजे यंदाच्या द्राक्षांना साठ वर्षांपूर्वीच्या सालाची चव आणण्याचा प्रयत्न. प्रश्न असा की, ती चव नेमकी कशाची होती?

इतिहास येथे थोडा मिस्कील आहे. लिओ फेंडरने १९५१ साली बेस गिटार बाजारात आणली आणि पुढच्याच वर्षी तिच्यासाठी ‘बासमन’ हा ॲम्प्लिफायर. पण बासमनचे पुढचे रूप गाजले ते साध्या गिटारसाठी, आणि १९६२ च्या सुमारास इंग्लंडात जिम मार्शलने त्याच्यावरूनच आपला पहिला ॲम्प्लिफायर बेतला. दुसरे नाव ‘अँपेग’चे. त्याचे संस्थापक एव्हरेट हल स्वतः डबल बास वाजवत. त्या वाद्याच्या तळखुंटीत मायक्रोफोन बसवण्याच्या कल्पनेतून त्यांच्या कंपनीचे नाव निघाले. १९६० साली तिथे तयार झालेला बी-१५ हा पंधरा इंची एकाच स्पीकरचा, पंचवीस-तीस वॅटचा ठोकळा ध्वनिमुद्रणगृहांचा लाडका ठरला. गंमत अशी की, हल यांना आवाज फाटणे अजिबात खपत नसे. त्यांना हवा होता निर्मळ स्वर. आज ज्या उबदार, किंचित खरखरीत आवाजासाठी लोक पैसे मोजतात तो त्यांच्या लेखी दोष होता. वादकांनी यंत्र ताणले आणि दोषाचा गुण झाला.

असे का झाले याचे उत्तर आम्हांला मिरजेच्या तंबोऱ्यात सापडले. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सुमारे ४१ हर्ट्झचा स्वर निघतो. इतका खालचा स्वर बहुतेक स्पीकर पुरता उमटवू शकत नाहीत. आपल्याला तो ऐकू येतो कारण त्याच्याबरोबर ८२, १२३ असे वरचे उपस्वर निघतात आणि त्यांवरून आपला कान पायाचा स्वर मनाने भरून घेतो. व्हॉल्व्हवर ताण आला की तो लाटेचा माथा एकदम कापत नाही, हळूच वाकवतो, आणि त्या वाकण्यातून हे उपस्वर वाढतात. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून आणि तारेखाली सूत सरकवून जवारी काढतो, तेव्हा तोही हेच करतो. तार घोडीला निसटती टेकते आणि खर्ज उपस्वरांनी भरून येतो. मुलाला हवे असलेले ‘बोलणे’ म्हणजे जवारी. त्यात जुन्याचा मोह नाही, ऐकण्याची गरज आहे.

एवढे कळल्यावर निवड सोपी व्हायला हवी होती. पण आमच्यात मतभेद सुरू झाला तो येथेच. आमच्यापैकी एकीचे म्हणणे, नव्या पद्धतीचा तीन किलोचा ॲम्प्लिफायर घ्यावा. मुलगा रात्री दोनला टेम्पोतून सामान उतरवतो, त्याच्या पाठीचा विचार कोण करणार? दुसऱ्याचे म्हणणे, त्याने मागितले आहे ते द्यावे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, कारण वजन हा येथे टाळता येणारा दोष नाही. व्हॉल्व्हना लागते मोठे व्होल्टेज आणि थोडा विद्युत्प्रवाह; स्पीकरला लागते नेमके उलटे. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवाच, आणि स्वर जितका खालचा तितका त्याचा लोखंडी गाभा मोठा. गाभा लहान असला तर खर्ज त्यात मावत नाही, गुदमरतो. स्वस्त यंत्रांत काटकसर होते ती याच लोखंडात.

१९६९ साली आलेला तीनशे वॅटचा, सहा पॉवर व्हॉल्व्हचा अँपेग एसव्हीटी आम्ही लगेच बाद केला. त्याचा वरचा भागच पस्तीस किलोंच्या पुढे भरतो. शिवाय दहापट वॅट म्हणजे कानाला जेमतेम दुप्पट आवाज, हे गणित ध्यानात आल्यावर तीस वॅटचा न्यूनगंड उरत नाही. अमेरिकेतून आलेले जुने यंत्रही नको ठरले. ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झच्या विजेसाठी घडलेले. आपल्याकडे २३० आणि ५०. व्होल्टेज उतरवता येते, पण साठसाठी बेतलेला गाभा पन्नासवर अधिक तापतो.

शेवटी आम्ही कोल्हापुरातील एका वृद्ध रेडिओ-दुरुस्ती कारागिराकडे गेलो. आमच्यासमोर त्यांनी स्वतः गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर तराजूवर ठेवला. मुलाने तार आधी हलके, मग जोरात छेडली, मग ढोलकीबरोबर वाजवली. आम्ही दोघे बारा पावले मागे उभे होतो. हलक्या हाताला स्वर गोल होता, जोराच्या हाताला त्याला धार आली, आणि दोन्ही वेळा ढोलकीच्या धुमेपासून तो वेगळा ओळखता आला. तीस वॅट, पंधरा इंची स्पीकर, यंत्र आणि खोका वेगळे, म्हणजे दोन हातांत दोन वजने. मोठ्या मैदानासाठी ट्रान्सफॉर्मरच्या पुढून एक तार काढून घेतली. ती मंडपाच्या ध्वनियंत्रणेला जोडली की जवारीसकट आवाज सर्वत्र पोचतो. पाठ आणि कान यांच्यात झालेली ही तडजोड आम्हां दोघांनाही मान्य झाली.

उरलेल्या पैशांतून स्टॅबिलायझर आणि व्हॉल्व्हचा एक राखीव संच घेतला. व्हॉल्व्ह आज मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथून येतात. २०२२ साली युक्रेनचे युद्ध पेटले तेव्हा रशियाचा पुरवठा अडला आणि किमती चढल्या. भर यात्रेत व्हॉल्व्ह गेला तर मुलाची त्या रात्रीची बिदागी जाते, म्हणून ही तजवीज. दोन सूचना आम्ही खोक्यावर मराठीत लिहून चिकटवल्या आहेत: ‘स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये’ आणि ‘बंद असला तरी मागची फळी उघडू नये’. आत चारशे व्होल्ट काही काळ दबा धरून असतात.

पौषात यमाईच्या यात्रेत तो वाजवेल. श्रोत्यांपैकी कोणी ॲम्प्लिफायरकडे पाहणार नाही. गाणाऱ्या मुलीला मात्र षड्ज कुठे आहे ते शोधावे लागू नये, एवढ्यासाठी हे सारे लोखंड.