आर्गॉनची छोटी बाटली

आयर्लंडच्या उत्तर टोकाला, मॅलिन हेडजवळच्या समुद्रात, दोन्ही महायुद्धांतली जहाजं तळाशी पडून आहेत. ‘ऑडेशस’ ही ब्रिटिश युद्धनौका ऑक्टोबर 1914 मध्ये जर्मन सुरुंगाला धडकून बुडाली. सुमारे 65 मीटरवर ती उलटी पडली आहे. ती बघायची मला फार ओढ होती, पण तिथे जायचं तर आधी गॅसचं गणित.

त्या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या साडेसात पट असतो. साधी हवा ओढली तर नायट्रोजनची गुंगी चढते, शिवाय ऑक्सिजनसुद्धा विषारी ठरायच्या हद्दीवर येतो. म्हणून ट्रायमिक्स: 18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम, उरलेला नायट्रोजन. मग 65 मीटरवरही गुंगी साध्या हवेवर 25 मीटरला असते तेवढीच.

पण हेच हेलियम ड्रायसूटमध्ये नको. ते हवेच्या सहापट वेगानं उष्णता वाहून नेतं. बारा अंशांच्या पाण्यात त्यानं सूट फुगवला तर अंगातली ऊब बघता बघता जाते. म्हणून सूटसाठी वेगळी छोटी बाटली लावायची. माझ्या बाटलीत तेव्हा आर्गॉन होता, कारण तो हवेपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी उष्णता वाहतो.

बोटीवर सूटमधली हवा आधी बाहेर काढावी लागते, नाहीतर आर्गॉन तिच्यात मिसळून त्याचा गुण कमी होतो. छातीवरचं बटण दाबून सूट फुगवायचा, मग उकिडवं बसून गुडघे छातीशी घ्यायचे. खांद्यावरच्या व्हॉल्व्हमधून सगळा गॅस फुसकन बाहेर जातो. पुन्हा भरायचा, पुन्हा काढायचा. हलत्या डेकवर, पाठीला जोडसिलिंडर बांधलेले असताना, हे चांगलंच दमवतं.

तळाशी डोकं लख्ख होतं. सांगाड्याबाहेर पडलेल्या तोफांपाशी मी सावकाश फिरले, आणि ते सारं आजही तपशिलानं आठवतं. थंडी जाणवली ती नंतर, सहा मीटरवर, शुद्ध ऑक्सिजन घेत हालचाल न करता थांबले तेव्हा. आधी बोटं बधिर झाली, मग पाठीत कापरं भरलं. तिथली थंडी नुसती त्रासाची नसते. हातापायांतलं रक्ताभिसरण मंदावतं, शरीरात मुरलेला गॅस बाहेर पडायला वेळ लागतो आणि डीकॉम्प्रेशनच्या आजाराचा धोका वाढतो. खाली असताना थोडं गारठलं तरी चालेल, वर येताना ऊब हवीच.

आर्गॉननं ती दिली का? मला तरी फरक कळला नाही. आर्गॉन आणि हवा यांची तुलना करणारा नॉर्वेतल्या संशोधकांचा 2001 चा अभ्यास पुढे वाचला, त्यातही ठळक फरक आढळला नव्हता. तेव्हापासून मी त्याच बाटलीत साधी हवा भरते आणि आर्गॉनचे पैसे जाड अंतर्वस्त्रांवर आणि विजेवर तापणाऱ्या जाकिटावर घालते. कारण खरा फायदा आहे तो हेलियम सूटबाहेर ठेवण्यात.

दुसरंही कारण आहे. आर्गॉनमध्ये ऑक्सिजन अजिबात नसतो. चुकून तो श्वासात गेला तर जीव गुदमरत नाही, कारण कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून बाहेर पडतच असतो. काही श्वासांत माणूस थेट बेशुद्ध होतो. म्हणून त्या बाटलीला तोंडात धरायचा रेग्युलेटर कधीही जोडायचा नाही आणि मानेवर गॅसचं नाव ठळक लिहायचं. आता तिच्यात हवा असली तरी मी हे दोन्ही नियम पाळते. क्लबमध्ये कुणी नवखं ती उचलून बघायला लागलं, तर आधी हेच सांगते.