भेडाघाटला जाऊ या सायकलने!

जबलपूरपासून भेडाघाट सुमारे २० कि.मी. वाटेत तेवर लागते, म्हणजे कलचुरींची जुनी राजधानी त्रिपुरी. सकाळची ही सहल सायकलनेच करावी. पण घरात एकच नवी सायकल परवडणार असेल, तर कोणती घ्यावी?

रोड बाईकचे टायर जेमतेम २५-२८ मिलिमीटर रुंद, हँडल खाली वळलेले. गुळगुळीत डांबरावर ती सुसाट पळते. खड्ड्यात मात्र हात आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. हायब्रीडचे टायर ३५-४० मिलिमीटरचे, हँडल सरळ. वेग थोडा कमी, पण पाठ फार वाकत नाही, खडीचीही धास्ती नाही.

तेवरच्या गल्लीत शिरायचे, धुवांधारचे तुषार अंगावर घेऊन रमतगमत परतायचे, तर हायब्रीडच घ्या. नर्मदेच्या भेटीला घाई कशाला?